आधी मावशी, मग चपाती
(महामारीच्या काळात स्वयंपाकघर कसं चालवायचं? एक अभ्यास)

मेसच्या जेवणावर बोलायला हॉस्टेलमध्ये कुणालाही निमंत्रण लागत नाही. वरण पातळ होतं, चपाती चामडं होती, रविवारच्या फीस्टला पनीर शोधावं लागलं... या विषयांवर आपण रात्री दोनपर्यंत बोलू शकतो. पण ते जेवण रांधणाऱ्या माणसाला ताप आला तर त्याचं काय होतं, आणि मग आपल्या ताटाचं काय होतं, यावर चार वर्षांत एकही चर्चा माझ्या कानावर आली नाही. म्हणून हा लेख.

मी तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचा. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं, नळदुर्गजवळचं आमचं गाव. २०२० च्या मार्चमध्ये मी दहावीला होतो. आमच्या बॅचचा भूगोलाचा पेपर राहिला तो कायमचाच! त्या दिवसांत घरोघरी भाज्या मिठाच्या नाहीतर सोड्याच्या पाण्यात बुडत होत्या, दुधाच्या पिशव्या साबणाने आंघोळ करत होत्या. सगळ्यांचं लक्ष वस्तूंवर होतं. त्या वस्तू पिकवणारा, वाहणारा, शिजवणारा माणूस कुणाच्या फारसा डोळ्यांपुढे नव्हता.

खरं तर लॉकडाउनमध्ये सगळं थांबलं तरी स्वयंपाकघर थांबलं नाही. लेक्चर ऑनलाइन होऊ शकतं, चपाती ऑनलाइन लाटता येत नाही. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी लॉकडाउनमध्ये पाच रुपयांवर आली आणि केंद्रांवरून पार्सलने जाऊ लागली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तेवढं देण्यासाठी कुणाला तरी रोज घराबाहेर पडून चुलीपुढे उभं राहावंच लागलं. दुसरीकडे वाशीच्या बाजार समितीत संसर्ग पसरला तेव्हा मे २०२० मध्ये तिथले बाजार काही दिवस बंद ठेवावे लागले. म्हणजे माणसं आजारी पडली की अन्नाची साखळीच तुटते. या लेखाचं सूत्र एवढंच : अन्न सुरक्षित ठेवायचं असेल तर आधी ते बनवणारा माणूस सुरक्षित ठेवा.

१) रोग अन्नातून आला की हवेतून?

जिवाणू आणि विषाणू यांतला फरक आपण बारावीला शिकलो आणि विसरलो. जिवाणू अन्नात वाढतो. उरलेला भात त्याच्यासाठी शेत आहे. विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते, त्यामुळे करोनाचा विषाणू वरणात पडला तरी तिथे त्याची संख्या वाढत नाही. शिवाय उष्णता त्याला सोसत नाही. ७० अंश सेल्सिअसला पाच मिनिटांत तो निष्क्रिय झाल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना या दोघींनी एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की अन्नातून किंवा वेष्टनातून हा आजार होण्याची शक्यता फारच कमी आहे.

मग तो पसरला कसा? चीनमधल्या ग्वांगझू शहरातलं एक रेस्टॉरंट बघा. २४ जानेवारी २०२० ला तिथे शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवली. एक व्यक्ती बाधित होती. तिच्यासह तिन्ही कुटुंबांतले मिळून दहा जण बाधित निघाले. जेवण दोषी नव्हतं. बाहेरची ताजी हवा जवळजवळ येत नव्हती आणि एसी तीच हवा त्या टेबलांभोवती फिरवत होता. जर्मनीत ऱ्हेडा-वीडेनब्रुक इथल्या मांस कारखान्यात मे २०२० मध्ये असंच घडलं. थंड, परत परत फिरवलेल्या हवेत एका कामगाराकडून आठ मीटरपेक्षा लांब उभ्या असलेल्यांपर्यंत संसर्ग पोहोचल्याचं संशोधकांनी दाखवलं. जमिनीवर दोन मीटरचे गोल आखून तिथे काय झालं असतं?

तेव्हा पहिला धडा : स्वयंपाकघरात विषाणूचा रस्ता हवेतला आहे. आणि हवा म्हणजे आपल्या मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांचा विषय.

२) स्वयंपाकघराची हवा : थोडं गणित

समजा मेसचं स्वयंपाकघर ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच आहे. घनफळ १६८ घनमीटर. तिथला एक्झॉस्ट फॅन ताशी १,००० घनमीटर हवा बाहेर टाकतो असं धरू. १,००० भागिले १६८, म्हणजे साधारण ६. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलते.

हवेत तरंगणारे कण घातांकी पद्धतीने कमी होतात. ९९ टक्के कण जायला लागणारा वेळ म्हणजे १०० चा नैसर्गिक लॉग (४.६) भागिले तासाचे हवा-बदल. सहा बदलांना ४६ मिनिटं. असे दोन फॅन लावले तर १२ बदल, २३ मिनिटं. आणि फॅन बंद पडून खिडकीच्या फटीतून तासाला कशीबशी एकदा हवा बदलत असेल तर? पावणेपाच तासांच्या जवळपास! एवढ्यात नाश्ता होऊन दुपारचं जेवणही उरकतं. (हवा खोलीत सगळीकडे सारखी मिसळते असं यात गृहीत धरलं आहे. कोपऱ्यात प्रत्यक्षात याहून वाईट स्थिती असते.)

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, फॅनच्या पात्यांवर तेलकट काजळी चढली की पाटीवर लिहिलेला आकडा फक्त पाटीवरच राहतो. दोन, हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला वाट हवी. सगळी दारं-खिडक्या बंद करून लावलेला एक्झॉस्ट नुसता आवाज करतो. समोरच्या बाजूची खिडकी जाळी लावून उघडी ठेवा, फॅन धुवा. या कामाला कुठलंही टेंडर लागत नाही.

याबाबतीत हायवेवरचा साधा ढाबा आपल्या मेसच्या पुढे आहे. वर पत्रा, तीन बाजू उघड्या, भट्टीची गरम हवा वर जाते आणि बाजूने ताजी आत येते. गरिबीतून आलेली रचना, पण हवेच्या दृष्टीने पहिल्या वर्गात पास. आपण फरशी बसवली, काचा लावल्या आणि हवा कोंडली.

मास्कचंही असंच. भट्टीपुढे उभ्या आचाऱ्याचा मास्क अर्ध्या तासात घामाने भिजतो आणि भिजलेला मास्क नीट काम करत नाही. त्याला एकच मास्क देऊन "काढायचा नाही" म्हणणं सोपं आहे. साथीच्या दिवसांत एका पाळीला तीन-चार कोरडे मास्क, मोकळ्यावर पाणी प्यायची जागा आणि मधली दहा मिनिटांची सुट्टी देणं हे खरं काम.

३) एक धोका टाळताना दुसरा

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शहाणी माणसंही फसतात. महामारीत गर्दी टाळायची म्हणून आपण पंगती वाढवतो. समजा २४० मुलं आहेत, हॉल ८० खुर्च्यांचा आहे. अंतर ठेवून ४० बसवले तर सहा पंगती झाल्या. प्रत्येकी २० मिनिटं धरली तर दोन तास. भात पहिल्या पंगतीच्या अर्धा तास आधी झाला असेल तर शेवटच्या मुलापर्यंत तो अडीच तास परातीत निवत पडलेला असतो.

अन्नात जिवाणू वाढायला ५ ते ६० अंश सेल्सिअस ही पट्टी सोयीची. चांगली ऊब मिळाली तर काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. अडीच तासांत सात वेळा दुप्पट, म्हणजे १२८ पट! भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात कोमट राहिला की जागे होतात. पार्सलमध्ये तर हे आणखी सोपं. सकाळी नऊला भरलेला डबा दुपारी दोनला उघडला की करोनापासून वाचलेला मुलगा उलट्यांनी आडवा.

आमच्या जिल्ह्यातल्या खव्याचं उदाहरण घ्या. भूमकडचा खवा प्रसिद्ध आहे. कढईत दूध तासन् तास आटतं तेव्हा त्यातले बहुतेक जंतू मरतात. पण खवा उतरवल्यावर तो हाताने गोळा होतो, हाताने पेढा वळला जातो. माणसाच्या नाकात आणि बोटावरच्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू असतो. तो खव्यात गेला आणि खवा उबेत राहिला की विष तयार करतो. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे अग्निपरीक्षा झाल्यानंतरचा हातच निर्णायक ठरतो. आपल्याकडे चपातीला तूप लावणारा, कोशिंबीर कालवणारा, वाढणारा हात तोच.

यावर उपाय कठीण नाहीत. भात एकदम न लावता दोन-तीन खेपांत लावायचा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायचे. काही शे रुपयांचा, टोचून बघायचा थर्मामीटर आणायचा. तो बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का हे महिन्यातून एकदा तपासायचं. "हात लावून बघितलं, गरम आहे" हे मोजमाप इंजिनिअरिंग कॉलेजला शोभत नाही.

हातमोज्यांबद्दलही एक शब्द. त्याच मोज्याने मोबाइल, त्याच मोज्याने पैसे, त्याच मोज्याने चपाती! मोजा घातल्यावर हात ओला-चिकट लागत नाही, म्हणून धुवायची आठवणही होत नाही. त्यापेक्षा साबणाने वीस सेकंद चोळून धुतलेला उघडा हात बरा.

४) क्लोरीन : किती आणि कुठे

बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं असेल तर २० मि.लि. घेऊन पाण्याने एक लिटर करायचं. ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएमचं द्रावण झालं. हे फरशी, दाराच्या कड्या, नळ यांसाठी. ज्या ओट्यावर अन्न येतं तो नंतर साध्या पाण्याने पुसायचा. भाजीला एवढं तीव्र कधीच वापरायचं नाही. भाजीसाठी ५० पीपीएम, म्हणजे त्याच बिनवासाच्या द्रावणाचे फक्त १ मि.लि. एक लिटर पाण्यात, आणि मग पिण्याच्या पाण्याने खळखळून धुवायचं. भाजीला साबण लावायचा नाही. द्रावण रोज ताजं करायचं, कारण ठेवल्यावर त्याचा जोर उतरतो. आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो.

२०२० मध्ये ठिकठिकाणी माणसांवर औषध फवारणारे बोगदे उभे राहिले होते. काही आपल्यासारख्याच इंजिनिअरिंगच्या पोरांनी हौसेने बनवले होते. १८ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं की माणसांवर अशी फवारणी करू नये. शरीराच्या आत गेलेल्या विषाणूला त्याने काही होत नाही, उलट डोळे आणि त्वचेला इजा होते. त्याच काळात पायाने दाबायचा हात धुण्याचा नळही बऱ्याच ठिकाणी निघाला. दिसायला साधा, पण कामाचा. आधी प्रश्न समजून घ्यावा आणि मग वेल्डिंग करावं, हे यातून शिकण्यासारखं.

५) आजारी माणूस कामावर का येतो?

आता मूळ दुखण्याकडे. वरचं सगळं केलं आणि तापाने फणफणलेली मावशी चपात्या लाटायला आली, तर सगळं पाण्यात. मग ती येते का?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते आणि तिच्या हातचं खाणारे आजारी पडत. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवलं. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. धुण्याचं काम मिळालं, पण त्यात मिळकत कमी. शेवटी नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात २५ जणांना विषमज्वर झाला, दोघं गेले. मेरीला पुन्हा बेटावर नेलं आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच राहिली. जगाने तिला खलनायिका ठरवलं. पण "स्वयंपाक करू नकोस" म्हणणाऱ्यांपैकी तिच्या पोटाची सोय किती जणांनी पाहिली?

हा जुना किस्सा नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या १९ राज्यांतल्या ११५ मांस कारखान्यांत ४,९१३ कामगार बाधित झाले, २० मरण पावले. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने कारणं नोंदवली : खांद्याला खांदा लावून काम, दाटीवाटीची घरं, एकाच गाडीतून प्रवास. आणि त्याबरोबर हजेरीचा बोनस! एक दिवस गैरहजर राहिलं तर बोनस बुडणार, म्हणून माणसं ताप असताना येत होती. ज्या नियमाने हजेरी वाढली त्यानेच साथ वाढली.

आपल्याकडे कायद्याची बाजू बघू. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालच्या नियमांप्रमाणे संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्न हाताळायचं नाही. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर गटाच्या आजारांची लसही सांगितलेली आहे. हे झालं "येऊ नको" म्हणणं. "न आल्यावर खायचं काय" याचं उत्तर राज्य कामगार विमा योजनेत थोडंफार आहे. पात्र कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण ही योजना साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. मेसच्या कंत्राटदाराकडे आठ माणसं असतात. ती बहुधा दोन्हीकडून सुटतात.

मेसमधल्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, ताप आला तर काय करता?" त्या म्हणाल्या, "गोळी घेऊन येते की. खाडा झाला तर रोज बुडतो, बाबा." एवढं एका वाक्याचं उत्तर. यापुढे कुठलंही मार्गदर्शक पत्रक लंगडं पडतं.

म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. आठ कामगार, प्रत्येकाला वर्षात सात दिवस आजारपणाची भरपगारी रजा, रोज ४०० रुपये धरला तर ८ × ७ × ४०० = २२,४०० रुपये वर्षाला. (बदली माणसाची मजुरी कंत्राटदार नेहमीच्या खर्चातूनच देईल.) २४० मुलांत वाटले तर प्रत्येकी महिन्याला पावणेआठ रुपये. आठ रुपये म्हणा! कँटीनच्या चहापेक्षाही कमी पैशांत आपण तापातली चपाती टाळू शकतो. यापेक्षा स्वस्त सुरक्षा उपकरण मला तरी कुठल्या कॅटलॉगमध्ये सापडलं नाही.

६) अणदूरकडून शिकण्यासारखं

आमच्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम आहे. गावोगावच्या साध्या, कमी शिकलेल्या बायकांना तिथे आरोग्याचं शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं गेलं. डॉक्टर लांब असतो, ती शेजारी असते. कुणाच्या घरात कोण खोकतंय हे तिला आधी कळतं. विचार साधा आहे : जी व्यक्ती प्रश्नाच्या सगळ्यात जवळ आहे तिलाच ज्ञान आणि अधिकार द्या.

हेच मेसमध्ये का होऊ नये? आठ कामगारांतल्याच एकाला किंवा एकीला 'स्वयंपाकघराची आरोग्यसेविका' करावं. तिला चार दिवस प्रशिक्षण, एक थर्मामीटर, एक वही. कामावर येताना प्रत्येकाला तीन प्रश्न : ताप आहे का, जुलाब-उलटी आहे का, हाताला जखम आहे का. "आज तू घरी जा" हे तिने म्हटलं की रेक्टरनेही ते मानायचं. आणि घरी गेलेल्याचा रोज बुडणार नाही याची हमी असेल तरच लोक तिला खरं सांगतील. नाहीतर वहीत रोज "सर्व ठीक" एवढंच येईल.

७) मेस कमिटीपुढे ठेवायच्या मागण्या

१. एक्झॉस्ट फॅन दर महिन्याला साफ, समोरची खिडकी उघडी.
२. साथीच्या काळात चार-चार जणांच्या दोन तुकड्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या. एकीत कुणी आजारी पडलं तरी दुसरी मेस चालवेल. चहा, जेवण आणि झोपायची खोलीही वेगळी, कारण संसर्ग ओट्यापेक्षा अशा निवांत जागी जास्त सहज होतो.
३. भात खेपांत, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, तापमानाची नोंद.
४. सुट्टीनंतर मेस उघडताना पाण्याची टाकी धुवून नळ काही वेळ सोडून द्यायचे, धान्य चाळून किडका माल फेकायचा.
५. कामगारांची वार्षिक तपासणी आणि लस, खर्च त्यांच्या पगारातून न कापता.
६. आठ रुपयांचा आजारपण निधी.

जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी ५ मे २०२३ ला संपवली. पुढची साथ कधी, कुठल्या जंतूची येईल हे सांगता येत नाही. पण वरच्या सहापैकी पाच गोष्टी महामारी नसतानाही उपयोगी आहेत. पावसाळ्यातल्या जुलाबांना, हिवाळ्यातल्या सर्दी-तापालाही त्या चालतात. पहिली आणि सहावी तर पुढच्या मेस मीटिंगमध्येच मंजूर होऊ शकतात. मीटिंग महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते. पनीरवरची चर्चा दहा मिनिटं उशिरा सुरू करू, आणि मावशींनाही खुर्ची देऊन त्या मीटिंगला बसवू.